वर्ग न सोडणारे मास्तर

आपल्याकडे इंग्रजी चांगले शिकवणाऱ्या शिक्षकाचे पुढे काय होते, ते एकदा नीट पाहायला हवे. पहिली आठ-दहा वर्षे तो वर्गात असतो. त्याची मुले वाचू लागतात, पालक त्याचे नाव घेऊ लागतात, शेजारच्या गावातली मुले सायकल मारत त्याच्या शाळेत येतात. मग एक दिवस पत्र येते. जिल्ह्याच्या प्रशिक्षणासाठी मास्टर ट्रेनर म्हणून त्याची निवड झालेली असते. सुरुवातीला वर्षातून दोनदा, मग चारदा, आणि पुढे प्रतिनियुक्तीच होते. मध्य प्रदेशात तो जनशिक्षक किंवा बीएसी (गट शैक्षणिक समन्वयक) होतो, महाराष्ट्रात विषयतज्ज्ञ किंवा साधनव्यक्ती. आता त्याच्यापुढे यू-डायसची माहिती, गणवेशाचे हिशेब, मध्यान्ह भोजनाचे आकडे आणि व्हिडिओ कॉन्फरन्सची वेळापत्रके येतात. इतरांना शिकवायचे कसे हे तो अजूनही सांगतो, पण स्वतः शेवटचा तास कधी घेतला हे त्याला आठवावे लागते. वर्गात परत जाणे म्हणजे पद उतरल्यासारखे वाटते. त्यालाही आणि त्याच्या घरच्यांनाही.

हा शिक्षकाचा गौरव आहे असे आपण मानतो. मला यात मोठे नुकसान दिसते, आणि तेही दुहेरी. एका शाळेचा चांगला शिक्षक जातो, हे पहिले नुकसान सगळ्यांना दिसते. दुसरे सहसा दिसत नाही. ज्या जाणतेपणामुळे त्याला प्रशिक्षक केले, ते जाणतेपण वर्गात रोज ताजे होत असते. वर्ग सुटला की दोन-तीन वर्षांत ते शिळे होते आणि त्याच्या हातात फक्त पुस्तिका उरते. भाषा शिकवणाऱ्याच्या बाबतीत हे इतर कोणत्याही विषयापेक्षा जास्त खरे आहे. का, ते सांगायला मी जैनाबादचे उदाहरण घेतो.

जैनाबाद तापीच्या एका काठावर, बुऱ्हाणपूर दुसऱ्या काठावर. शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर आणि त्यांचे शिष्य व उत्तराधिकारी शेख जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद अशी ही नावे फारुकी राजवटीत पडली. दोघांच्याही कबरी खुलदाबादला आहेत. गुरू आणि शिष्य यांच्या नावांची दोन गावे समोरासमोर वसलेली मला तरी दुसरीकडे कुठे ठाऊक नाहीत. याच जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत १६३१ साली मुमताज महलचे पार्थिव काही महिने ठेवले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरात ते आग्र्याला नेले. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. तुर्कीतले बाबरनामा फारसीत आणणारा आणि ब्रजभाषेत दोहे लिहिणारा अब्दुल रहीम खानखाना याच शहरात वर्षानुवर्षे सुभेदार होता. एकापेक्षा जास्त भाषांत जगणे ही या मुलखाची जुनी सवय आहे, ती कुणी प्रशिक्षणाने लावलेली नाही.

आजही तसेच आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या मध्य प्रदेशातले मराठीभाषक आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा निमाडचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २००३ मध्ये बुऱ्हाणपूरचा वेगळा जिल्हा झाला. रावेर इथून जवळ. लग्ने, केळी आणि दवाखाने यांसाठी लोक जळगाव-भुसावळकडे जातात. एखाद्या शाळेच्या एकाच बाकावर मराठी घरातले मूल, उर्दू बोलणाऱ्या विणकराचे मूल, निमाडी बोलणारे मूल आणि डोंगराकडच्या वस्तीतून आलेले कोरकू मूल बसलेले असू शकते. पुस्तक हिंदीतले. आणि त्या हिंदीच्या खांद्यावर बसून इंग्रजी येते.

आता एक अगदी छोटी गोष्ट जवळून पाहू. मांजरासाठीचा इंग्रजी शब्द हिंदी कुंजीत, म्हणजे गाइडमध्ये, ‘कैट’ असा छापलेला असतो. बॅट ‘बैट’, बॅग ‘बैग’, बँक ‘बैंक’. हिंदीत ‘ऐ’चा उच्चार आपल्या ‘ॲ’च्या जवळ जातो, त्यामुळे हिंदी घरातल्या मुलाने ते अक्षर वाचले की इंग्रजीच्या बऱ्यापैकी जवळचा आवाज निघतो. मराठीत ‘ऐ’ म्हणजे ‘अइ’; आपण ‘ऐरण’ म्हणतो, ‘वैरण’ म्हणतो. मराठी घरातले, विशेषतः खेड्यातले मूल तीच कुंजी हातात घेते आणि ‘कइट’ वाचते. बाजारात हिंदी कानावर पडलेले मूल स्वतःहून सावरून घेते. घर आणि शेत यापलीकडे हिंदी न ऐकलेले मूल सावरत नाही. शिक्षक हिंदीभाषक असेल तर त्याला वाटते की मुलाचे लक्ष नाही. तो पुन्हा म्हणून दाखवतो, मूल पुन्हा कुंजीतले अक्षर पाहते आणि पुन्हा ‘कइट’ म्हणते. चूक मुलाची नाही, शिक्षकाची नाही आणि कुंजी छापणाऱ्याचीही नाही. दोन भाषांनी एकाच अक्षराला दोन आवाज दिले आहेत, एवढेच. मराठीही जाणणारा शिक्षक शेजारी ‘कॅट’ लिहितो आणि अर्ध्या मिनिटात काम होते. दुसऱ्या शिक्षकाचे वर्ष निघून जाते आणि त्या मुलावर ‘याला इंग्रजी जमत नाही’ असा शिक्का बसतो.

असेच सर्वनामांचे. हिंदीत ‘वह’ एकच. मुलगा, मुलगी, टेबल, सगळ्यांना तोच शब्द. त्यामुळे हिंदी घरातले मूल बहिणीबद्दल लिहिताना ‘ही’ आणि ‘शी’ यांत गोंधळते. मराठी मुलाकडे तो, ती, ते अशी तिन्ही सर्वनामे आधीपासून आहेत, म्हणून बहिणीबाबत त्याची चूक होत नाही. पण खुर्ची ‘ती’ असल्याने ते ‘माय चेअर, शी इज ब्रोकन’ असे लिहून मोकळे होते. कोरकूत सजीव आणि निर्जीव असा भेद आहे, स्त्री-पुरुष असा भेद सर्वनामात नाही. त्या मुलाची अडचण आणखी तिसरीच. उलट दोन माणसांसाठी त्याच्या भाषेत वेगळे रूप आहे, आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ व त्याला वगळून ‘आम्ही’ हा फरक मराठीप्रमाणे कोरकूतही आहे. तो इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. म्हणजे या एका खणात मराठी आणि कोरकू मूल एका बाजूला आणि हिंदी मूल दुसऱ्या बाजूला बसते. उर्दू-हिंदी बोलणाऱ्या घरात ‘इस्कूल’ आणि ‘इस्टेशन’ ऐकू येते; मराठी मूल ‘स्कूल’ सहज म्हणते, पण खेड्यातल्या तोंडी स्टेशनचे ठेसन होते.

हे ज्ञान कुठून येते? इंग्रजीचे व्याकरण पाठ केल्याने येत नाही आणि बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकातही ते नसते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये हा मुद्दा मांडला: विषय येणे वेगळे, शिकवण्याची सर्वसाधारण तंत्रे येणे वेगळे, आणि हा विषय शिकताना मूल नेमके कुठे अडते हे माहीत असणे आणखी वेगळे. हे तिसरे ज्ञान शिक्षकाचे स्वतःचे असते. ते वह्या तपासताना, मुलाचे बोलणे ऐकताना, पाच वर्षे एकच चूक वेगवेगळ्या तोंडून ऐकताना जमते. जैनाबादचे हे ज्ञान हैदराबादला तयार होत नाही, भोपाळलाही नाही. ते जैनाबादच्या वर्गातच तयार होते आणि आज बहुतेक वेळा शिक्षकाबरोबर तिथेच निवृत्त होते, कारण ते मागायला कुणी येत नाही.

आपल्या प्रशिक्षणाची दिशा नेमकी उलटी आहे: वर तयार होते, खाली वाटले जाते. याला बराच जुना इतिहास आहे. १९५० च्या दशकात देशात ‘स्ट्रक्चरल’ पद्धत आली. भाषेचे सांगाडे ठरवायचे, सोप्यापासून अवघडाकडे लावायचे आणि मुलांकडून घोकून घ्यायचे. १९५८ मध्ये हैदराबादला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाले, जे आज इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते. त्याच सुमारास मद्रास राज्यात नव्या पद्धतीने २७,००० शिक्षकांना तयार करण्याची मोहीम निघाली. थोड्यांना शिकवायचे, त्यांनी आणखी थोड्यांना, त्यांनी पुढच्यांना. ‘मद्रास स्नोबॉल’ म्हणून ती इंग्रजी अध्यापनाच्या इतिहासात नोंदली गेली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘निष्ठा’ हा शिक्षक-प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा लक्ष्य सुमारे ४२ लाख शिक्षकांचे होते. आकडा वाढला, पडद्यावर पीपीटी आली, नंतर दीक्षा पोर्टलवर मॉड्यूल आले. रचना तीच राहिली. दिल्लीहून राज्य, राज्याहून जिल्हा, जिल्ह्याहून गट. प्रत्येक पायरीला थोडे गळते, आणि जे पोचते त्यात जैनाबादच्या ‘कइट’चा उल्लेख असण्याची शक्यताच नसते.

मद्रासच्या मोहिमेनंतर वीस वर्षांनी त्याच दक्षिणेत एका माणसाने वेगळा रस्ता धरला. एन. एस. प्रभू मद्रासमध्ये ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत होते. सांगाडे घोकून मुलांना इंग्रजी येत नाही, हे त्यांनी पाहिले होते. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि कडलूर इथल्या काही शाळांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केला, तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून जगभर गाजला. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना विचार करायला लावणारी कामे दिली: रेल्वेचे वेळापत्रक वाचून कोणती गाडी धरावी ते ठरवा, नकाशा पाहून वाट सांगा, अंतर आणि भाडे काढा. मुलाचे लक्ष प्रश्न सोडवण्यावर, आणि तो सोडवता सोडवता इंग्रजी कानात आणि डोक्यात जाते. या कामांची पुढे ‘टास्क-बेस्ड’ म्हणून जगभर चर्चा झाली. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट दुसरी आहे. प्रभू स्वतः त्या वर्गांत शिकवत होते. पद्धत आधी लिहून मग शिक्षकांच्या हाती दिली असे झाले नाही. वर्गात शिकवता शिकवता, चुकत, बदलत ती घडली.

पुढे सिंगापूरला गेल्यावर प्रभूंनी १९९० मध्ये एक लेख लिहिला. सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते, आणि ती का नसते, हा त्याचा विषय. शिक्षण घडते कसे, याची शिक्षकाला आतून पटलेली समज असते. ती जिवंत असेल तर पद्धत कोणतीही असो, वर्गात काहीतरी घडते. ती गोठली की उत्तम पद्धतही नुसता रतीब होते. म्हणून प्रशिक्षकाने कोणती पद्धत द्यावी यापेक्षा शिक्षकाची समज जागी कशी राहील, हे पाहावे. मला हे पूर्ण पटते, आणि त्यातून एक गोष्ट उघडच निघते. ज्याची स्वतःची समज रोज वर्गाच्या कसोटीला लागत नाही, तो दुसऱ्याची समज जागी ठेवू शकत नाही.

प्रभूंची कामे जैनाबादला आणायला काही खर्च नाही. मुंबई-इटारसी लोहमार्गावर बुऱ्हाणपूर स्टेशन आहे. भुसावळ आणि खंडव्याच्या मधल्या गाड्यांची वेळ फळ्यावर लिहून ‘सकाळी दहाच्या आत भुसावळला पोचायचे तर कोणती गाडी?’ एवढा प्रश्न इंग्रजीत विचारला, तर सातवीचा एक तास पुरत नाही. केळीचे भाव तर घराघरात रोजचेच. क्विंटलचा आजचा भाव आणि कालचा भाव यांच्यावरून तुलना शिकवता येते. पुस्तकातला उंच मुलगा आणि ठेंगणा मुलगा शोधायची गरज नाही. आहूखान्याची गोष्ट आठवीच्या मुलांनी बाहेरून आलेल्या पाहुण्याला चार इंग्रजी वाक्यांत सांगावी. कोण, कधी, कुठे, नंतर काय झाले, एवढ्यात भूतकाळ सगळा येतो. यातले प्रत्येक काम सुचायला शिक्षकाला गाव माहीत असावे लागते. केळीच्या लिलावाला मुलगा वडिलांबरोबर गेला होता, हे माहीत असावे लागते.

मराठी प्रदेशात या सगळ्याचे एक फार मोठे उदाहरण आहे, आणि त्याची चर्चा इंग्रजी शिक्षकांमध्ये पुरेशी होत नाही याचे मला वाईट वाटते. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेत जन्मलेल्या. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या हैदराबादला इंग्रजी शिकवायला आल्या. नंतर फलटणला येऊन त्यांनी तिथल्या बोलींचा अभ्यास केला. एकाच गावात जाती, पेशा आणि शिक्षण यांप्रमाणे मराठी कशी बदलते, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तके लिहिली. १९७८ मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेत टिकत नाहीत म्हणून ज्या मुलांना सोडून दिले जात होते त्यांना वाचायला शिकवण्यापासून त्यांनी सुरुवात केली, आणि १९८६ मध्ये त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. त्यांच्या कामातून पुढे अंगणवाडीच्या ताई आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे शिक्षकही तयार होत गेले.

या कारकिर्दीचा क्रम पाहावा. इंग्रजीची शिक्षिका, मग बोलींची अभ्यासक, मग मराठी शिकवणारी, मग मुलांना अक्षर शिकवणारी, मग शिक्षकांना घडवणारी. नंतरच्या प्रत्येक टप्प्याला आधीचा टप्पा उपयोगी पडला. जन्माने इंग्रजीभाषक असलेल्या बाईंनी मराठी माध्यमाची शाळा काढली आणि त्याच शाळेत इंग्रजी ही भाषा म्हणून चांगली शिकवण्याचा आग्रह धरला. मुलाची बोली आधी ऐकायची, तिला नाव ठेवायचे नाही, त्या बोलीच्या जमिनीवर मराठी वाचन पक्के करायचे आणि त्याच्यावर इंग्रजी चढवायची. ज्याला स्वतःच्या भाषेत वाचून अर्थ लावता येतो, त्याला दुसऱ्या भाषेत तेच करायला शिकवणे सोपे जाते. जैनाबादच्या त्या ‘कइट’ म्हणणाऱ्या मुलाला नेमके असे कुणीतरी हवे आहे, जे त्याचे म्हणणे आधी ऐकून घेईल.

मध्य प्रदेशाजवळही स्वतःचा अनुभव आहे. किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सर्व उच्च प्राथमिक शाळांत गेला, आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तो सांभाळला. विषय विज्ञान असला तरी शिकण्यासारखी गोष्ट शिक्षक प्रशिक्षणाची आहे. उन्हाळ्यातल्या शिबिरानंतर काम संपत नसे. दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र बसत, कोणता प्रयोग फसला, मुलांनी काय विचारले, कोणता प्रश्न आपल्यालाच सुटला नाही, हे मांडत. त्यातलेच शिक्षक पुढे इतरांचे मार्गदर्शक झाले, आणि ते शिकवत राहून झाले. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांत उभी राहिलेली शिक्षकांची ती बैठक मोडली, ही माझ्या मते त्या निर्णयातली सर्वांत मोठी हानी होती.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी आली. स्वतः पाचवीपासून किंवा आठवीपासून इंग्रजी शिकलेल्या हजारो प्राथमिक शिक्षकांपुढे ती एका जूनमध्ये येऊन उभी राहिली. त्या निर्णयामागची इच्छा मला योग्यच वाटते. तयारी अपुरी होती, आणि ती भरून काढायला पुढे बरीच वर्षे गेली. त्यातला मला सर्वांत भरवशाचा वाटलेला प्रयत्न म्हणजे राज्य सरकार, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी २०१६ पासून नऊ जिल्ह्यांत चालवलेला ‘तेजस’. त्यात शिक्षकांचे छोटे गट आपापल्या भागात ठरावीक काळाने भेटत, आपल्या तासाबद्दल बोलत, एकमेकांबरोबर इंग्रजी बोलायचा सराव करत. जपानमध्येही शिक्षकांनी मिळून एक पाठ तयार करायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी मागे बसून मुलांकडे पाहायचे आणि मग चर्चा, अशी पद्धत शंभराहून जास्त वर्षे चालत आली आहे. या सगळ्यांत एक गोष्ट समान: शिकवणारा माणूस शिकवतच राहतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही. ‘आमच्या शिक्षकांनाच इंग्रजी येत नाही, ते एकमेकांना काय शिकवणार?’ प्राथमिक शाळेतल्या बऱ्याच शिक्षकांना इंग्रजीत चार मिनिटे सलग बोलताना संकोच वाटतो, हे कुणीही प्रामाणिकपणे मान्य करेल. पण हा संकोच पाच दिवसांच्या शिबिरात जात नाही. तिथे तो वाढतोच, कारण समोर अनोळखी माणसे असतात. शेजारच्या शाळेतल्या, रोज भेटणाऱ्या सहा जणांत तो हळूहळू जातो. ज्या मॅडमना स्वतःचे इंग्रजी कच्चे वाटते, त्यांना मुलाच्या चुकीचे कारण अनेकदा उत्तम कळते, कारण तीच चूक त्यांनी स्वतः केलेली असते. त्यांना इंग्रजी बोलायची सवय हवी आणि आपल्याजवळच्या ज्ञानाची किंमत कळायला हवी. दोन्ही एकाच बैठकीत मिळू शकते.

दुसरा आक्षेप पालकांचा. एवढे सगळे करण्यापेक्षा मुलाला सरळ इंग्रजी माध्यमात घालू. पालकांच्या या ओढीला मी कधीही हिणवणार नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, तेव्हा त्यांना ठाऊक होते की ही भाषा कुणाच्या पायातली बेडी तोडू शकते. केळीच्या मळ्यातल्या मजुराला आणि यंत्रमागावरच्या कामगाराला आज तेच दिसते आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून रॅपिडेक्सपर्यंत आपल्या लोकांनी इंग्रजीसाठी घामाचे पैसे मोजले आहेत. पण ज्या घरात, गल्लीत आणि शिक्षकांच्या तोंडी इंग्रजी नाही, तिथे माध्यम इंग्रजी केल्याने मूल भूगोल आणि विज्ञानही घोकायला लागते. पालकांची मागणी इंग्रजी येण्याची आहे. ती पुरी करण्याचा मार्ग इंग्रजीच्या चांगल्या शिक्षकातून जातो, शाळेच्या पाटीवरच्या नावातून जात नाही.

आणि आज आपण कुठे आहोत? ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी पाचवीतली मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये २४.५. आठवीत हे प्रमाण ४५.३ वरून ४६.७ झाले. मधली दोन वर्षे करोनाने खाल्ली, हे धरले पाहिजे. तरीही चारातले तीन पाचवीवाले एक सोपे इंग्रजी वाक्य वाचू शकत नाहीत, हे करोनाच्या आधीही खरे होते. याच काळात प्रशिक्षणे थांबली नव्हती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ५० तास खूप आहेत. प्रश्न ते कुठे आणि कुणाबरोबर घालवायचे याचा आहे. मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवायचा आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, यात ते गेले तर पुढच्या ‘असर’मध्ये आकडा हलणार नाही. महिन्याला चार तास वह्या मध्ये ठेवून बसले, तर बारा महिन्यांत ४८ तास होतात आणि धोरणाची अट जवळजवळ तिथेच पुरी होते.

व्यवस्थेकडे माझी मागणी मोजकी आहे. इंग्रजीचा प्रशिक्षक, जनशिक्षक, विषयतज्ज्ञ कुणीही असो, आठवड्यातून निदान सहा तासिका त्याने एखाद्या सरकारी शाळेत घेतल्याच पाहिजेत, आणि त्या त्याच्या कामाचा भाग म्हणून मोजल्या जाव्यात. त्याच्या प्रशिक्षणात उदाहरणे त्याच्या स्वतःच्या चालू वर्षाच्या वह्यांतली असावीत. वर्ग न सोडता वरिष्ठ होण्याची वाट शिक्षकाला मिळावी: पगार वाढावा, मान वाढावा, पण हजेरीपट त्याच्या हातात राहावा. आज वरिष्ठ डॉक्टर रुग्ण तपासतो आणि शिकाऊ डॉक्टर शेजारी उभा राहून पाहतो. ते आपण गृहीत धरतो. शिक्षकाबाबत तेच मागितले की शासन निर्णयाची अडचण निघते.

पण परिपत्रक येईपर्यंत थांबायची गरज नाही. जैनाबाद, बुऱ्हाणपूर, रावेर, मुक्ताईनगर या पट्ट्यात इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींना माझी विनंती आहे. महिन्यातला एक शनिवार ठरवा. सहा-सात जण एका शाळेत जमा, हिंदी माध्यमाचे, मराठी माध्यमाचे, उर्दू माध्यमाचे, राज्याची सीमा मध्ये आणू नका. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच वह्या आणा. एकच चूक निवडा आणि ती मुलाच्या कोणत्या भाषेतून आली ते शोधा. कोरकू किंवा अहिराणी जाणणारे कुणी गावात असेल, मग तो शिपाई असो की स्वयंपाक करणाऱ्या ताई असोत, त्यांना बोलवा आणि विचारा. जे सापडेल ते एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा. निवृत्त झालेल्या मास्तरांना आणि बाईंना या बैठकीला आवर्जून घरून घेऊन या. त्यांच्याकडे तीस-पस्तीस वर्षांच्या चुका जमा आहेत आणि त्या अजून कुणी लिहून घेतलेल्या नाहीत.